माफी नको, आधी मुदत मागा

पत्र : मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. अठरा वर्षं नोकरी झाली. यंदा तृतीय वर्षाच्या मुलांकडून क्षेत्र प्रकल्प म्हणून दोन गावांत पाहणी करून घेतली. प्रश्न साधा होता : ऊस कारखान्यावर गेल्यापासून किती दिवसांनी बिल खात्यावर जमा झालं? बहुतेकांचं उत्तर चौदा दिवसांच्या बरंच पुढचं निघालं. महाविद्यालयातल्याच चर्चासत्रात मी हे निष्कर्ष मांडले आणि ओघात 'ही सरळ लूट आहे' असंही बोलून गेले. तालुक्याच्या पेपरात बातमी आली. आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी त्याच कारखान्याच्या संचालक मंडळावर आहेत. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'अहवाल मागे घ्या, दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय संपवू.' मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी 'संस्थेच्या प्रतिमेस बाधा आणल्याबद्दल' कारणे दाखवा नोटीस हातात पडली. तीन दिवसांत खुलासा मागितलाय. मुलांनी भरून आणलेले फॉर्म जमा करायला सांगितलेत. पुढच्या महिन्यातलं चर्चासत्र तोंडी रद्द झालंय. सहकारी म्हणतात, निवेदन काढू. मदतीला असलेली तासिका तत्त्वावरची सहकारी घाबरली आहे. माफी मागून मोकळी होऊ का? घटनेनं दिलेलं स्वातंत्र्य अशा वेळी कामाला येतं का?

उत्तर :

मॅडम, ती दोन ओळींची माफी देऊ नका. 'विषय संपवू' हे केबिनमध्ये बोललं गेलंय, ते कुणालाच बांधून ठेवत नाही. तुमची माफी मात्र कागदावर असेल आणि तुमच्या वैयक्तिक नस्तीत राहील. उद्या प्राचार्य बदलले, संस्थेचे सचिव बदलले, आणि चौकशी बसली तर पहिलं परिशिष्ट म्हणून तोच कागद जोडला जाईल : 'संबंधितांनी चूक लेखी कबूल केलेली आहे.' असं बऱ्याचदा घडतं, कारण माणूस माफीकडे शिष्टाचार म्हणून बघतो आणि चौकशी अधिकारी कबुली म्हणून.

पण गप्प राहणंही परवडणारं नाही. तीन दिवस उलटून गेले की 'संधी देऊनही खुलासा केला नाही' हे वाक्य तयार असतं. म्हणून आजच मुदतवाढीचं पत्र द्या. त्यात भाषण नको. साधारण असा मजकूर पुरेल :

'आपले दि. — चे पत्र मला दि. — रोजी दु. — वाजता मिळाले. खुलासा देण्यासाठी पुढील बाबी आवश्यक आहेत. (१) माझ्या कोणत्या विधानावर आक्षेप आहे ते विधान शब्दशः. (२) ज्या नियमाचा किंवा परिनियमाचा भंग झाला असे आपले म्हणणे आहे त्याचा क्रमांक. (३) लेखी तक्रार आली असल्यास तिची प्रत. (४) आपण विचारात घेतलेले वृत्तपत्रातील कात्रण. ही कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत मिळावी. या पत्राचा अर्थ आरोप मान्य आहेत असा घेऊ नये.'

कार्यालयात आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच परत या. शिपाई 'साहेब आल्यावर देतो' म्हणाला तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवरही टाका. मुदत मिळाल्याचं लेखी उत्तर आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचा अंतरिम खुलासा द्या : आरोप अमान्य, कागदपत्रं मागितली आहेत, ती मिळाल्यावर सविस्तर उत्तर देईन. मुदत मागितली म्हणजे मिळाली असं धरून बसणं, इथं बरेच जण घसरतात.

केबिनमधलं बोलणंही कागदावर आणा. प्राचार्यांना चार ओळींचा ईमेल : 'अमुक तारखेला आपण मला अहवाल मागे घेण्यास व माफी लिहून देण्यास सांगितले. तसेच पुढील महिन्याचे चर्चासत्र रद्द झाल्याचे तोंडी कळवले. माझ्या आकलनात चूक असल्यास कळवावे.' उत्तर आलं तर बरं. नाही आलं तरी तारीखवार नोंद झाली. स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका. तिथला स्क्रीनशॉट कुठे पोचतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता फॉर्मकडे या. आमच्या मते नोटिशीपेक्षा ही बाब गंभीर आहे. त्या फॉर्मवर शेतकऱ्यांची नावं, बहुधा गट नंबर आणि मोबाइलही असतील. ज्या कारखान्याबद्दल ते बोलले, त्याच कारखान्याकडे त्यांची उसाची नोंद आहे. पुढच्या हंगामात कुणाची तोड लांबली, कुणाचा ऊस फडातच वाळायला लागला, तर त्याचा पुरावा कधीच सापडणार नाही आणि मुलांना पुढच्या वर्षी त्या गावात कुणी दारात उभं करणार नाही. तुमचं नाव त्या प्रकरणात असणं वेगळं आणि त्यांचं असणं वेगळं.

आज रात्रीच हे काम करा. प्रत्येक फॉर्मचं ओळखीचं पान वेगळं काढा, उत्तरांच्या पानावर फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी एकच असावी, ती तुमच्या ताब्यात, विभागाच्या संगणकावर नाही. मुलांच्या मोबाइलमध्ये फोटो असतील तर ते तुमच्याकडे घेऊन त्यांच्याकडून पुसून घ्या. काहीही फाडू किंवा जाळू नका. मूळ कागद नष्ट केले तर 'पाहणी झालीच नव्हती' म्हणायला समोरच्याला रान मोकळं. संस्थेला लिहा की माहिती देणाऱ्यांची ओळख उघड करणं संशोधनाच्या रीतीत बसत नाही. फॉर्मवर गुप्ततेचं वाक्य छापलं असेल तर ते उद्धृत करा. सोबत पर्याय द्या : विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातले दोन प्राध्यापक तुमच्या उपस्थितीत सांकेतिक क्रमांकांची आधारसामग्री तपासू शकतात. नुसतं 'देत नाही' म्हटलं तर ती आज्ञाभंगाची बाब ठरवता येते. पर्यायासह नकार दिला तर तसं म्हणणं अवघड जातं.

यानंतर एक अप्रिय काम. खुलासा लिहिण्याआधी स्वतःचा अहवाल परीक्षकाच्या नजरेनं वाचा. अध्यापनाचं आणि संशोधनाचं स्वातंत्र्य तुमच्या निष्कर्षाला पदाधिकाऱ्यांपासून वाचवतं, जाणकारांच्या तपासणीपासून नाही. आणि तुमच्या विषयात खाचखळगे आहेत.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ च्या खंड ३(३) प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर ३(३अ) प्रमाणे वर्षाला १५ टक्के व्याज. पण याच खंडात एक अपवाद आहे : दोन्ही पक्षांत लेखी करार वेगळा असेल तर. कारखान्यानं सभासदांकडून हप्त्यांच्या संमतीचे कागद सही करून घेतले असतील, तर अहवालातला 'थकबाकी' हा शब्द वादात सापडतो. त्या संमती खऱ्या अर्थानं घेतल्या होत्या का, हा स्वतंत्र आणि तुमच्या मुलांसाठी उत्तम प्रश्न आहे. पण 'थकबाकी' लिहिण्याआधी तो विचारलेला असायला हवा. दुसरं, पाहणी कोणत्या हंगामाची? राज्य सरकारनं २०२२ च्या फेब्रुवारीत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत देण्याचा शासन निर्णय काढला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. मधल्या हंगामांत 'बिल कधी मिळालं?' या प्रश्नाला एक शेतकरी पहिल्या हप्त्याची तारीख सांगेल, शेजारचा शेवटच्या. एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी आल्या असतील तर सरासरीला अर्थ उरत नाही. तिसरं, तारीख आठवणीतून घेतली की कागदावरून? ऊस गेल्याची तारीख काटा पावतीवर असते, पैसे जमा झाल्याची पासबुकात. ज्या फॉर्मसोबत दोन्ही पाहिल्याची नोंद आहे ते वेगळे मोजा. तेवढ्यांचाच निष्कर्षही तोच निघत असेल तर तुमची बाजू भक्कम झाली. चौथं, दोन गावांवरून 'तालुक्यात' असं अहवालात कुठं लिहिलंय का ते बघा. पेपरनं मथळ्यात लिहिलं असेल तर ती पेपरची चूक, आणि संपादकांना दुरुस्तीचं पत्र आजच जायला हवं.

पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय देण्यांची माहिती हंगामभर जमा होत असते. थकबाकी राहिली तर महसुली वसुलीची प्रमाणपत्रं, ज्यांना सगळे आरआरसी म्हणतात, तीही तिथूनच निघतात. त्या हंगामाचा तक्ता मिळवून अहवालाशेजारी लावा. सरकारी आकडा तुमच्या निष्कर्षाच्या बाजूनं असेल तर 'प्रतिमेस बाधा' या आरोपात फारसा दम राहत नाही. विरुद्ध असेल तर फरक का आहे हे तुम्हीच आधी लिहा.

हे सगळं झाल्यावर सविस्तर खुलासा. दीड पानाचा, त्याहून मोठा नको. क्षेत्र प्रकल्प हा मंजूर अभ्यासक्रमाचा श्रेयांक असलेला भाग आहे आणि तो अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद या वाटेनं आला आहे, हे सर्वात आधी. मग परवानगीची टिपणी, विषय ठरल्याची तारीख, विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त. मग पद्धत चार वाक्यांत. मग निष्कर्ष, त्याच्या मर्यादांसह. एखादी चूक सापडली असेल तर ती इथं स्वतःहून दुरुस्त करा. प्रत्येक वाक्याशेजारी परिशिष्टाचा क्रमांक. राजकारण, कारखानदारी, संस्थाचालकांचे हितसंबंध यांवर एक ओळही नको. ते खरं असलं तरी खुलाशाची जागा ती नाही. हितसंबंधाचा मुद्दा चौकशी समितीत तेच पदाधिकारी बसले तर काढा. तेव्हा त्याला कायद्याचं वजन असतं : स्वतःच्या प्रकरणात कुणी स्वतः न्याय देत नाही.

राहिला 'लूट' हा शब्द. आमचं मत असं की तो मागे घ्यावा. तो अहवालात नाही, तोंडातून गेला आहे, आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला 'सरासरी इतक्या दिवसांचा विलंब' हे त्याहून जड वाक्य उपलब्ध असताना त्याची गरजही नाही. लिहायचं ते एवढंच : 'चर्चासत्रात ओघाने वापरलेला "लूट" हा शब्द अहवालाचा भाग नाही व तो मी मागे घेते. अहवालातील निष्कर्ष कायम आहेत.' इथं माफी नाही, खेद नाही, 'भविष्यात असे होणार नाही' अशी हमी तर मुळीच नाही. ती हमी पुढच्या सगळ्या बॅचच्या प्रकल्पांवर बसते. हा परिच्छेद सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला दाखवूनच अंतिम करा, कारण कारखान्याकडून अब्रुनुकसानीची नोटीस आली तर तोच परिच्छेद तिथंही वाचला जाईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान हा अपवाद आहे, पण खरेपणा सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. काटा पावत्या त्यासाठीही लागतील.

घटनेबद्दल विचारलंत. आपल्या राज्यघटनेत अध्यापनस्वातंत्र्य असा वेगळा शब्द नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन स्वतंत्र असल्याचं अनुच्छेद ५ मध्ये थेट लिहिलं आहे, आपल्याकडे ते अनुच्छेद १९(१)(अ) मधल्या भाषणस्वातंत्र्यातून ओढून आणावं लागतं. त्या स्वातंत्र्याची ताकद फौजदारी बाजूला दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. अनुच्छेद ३७० बाबतच्या निर्णयावर त्यात टीका होती. मुंबई उच्च न्यायालयानं दिलासा नाकारला, पण ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात तो गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम कशावरून मोजायचा, तर दुबळ्या मनाच्या माणसावरून नव्हे, समंजस आणि खंबीर माणसावरून, ही कसोटी न्यायालयानं लावली. ती मुळात नागपूरच्या उच्च न्यायालयात १९४० च्या दशकात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडलेली. उद्या कुणी तुमच्याविरुद्ध पोलिसांत गेलं तर हा निकाल आणि मार्च २०२५ चा, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर कवितेवरून झालेल्या गुन्ह्याच्या प्रकरणातला निकाल वकिलांच्या हातात द्या. दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की भाषण-लेखनाच्या अशा तक्रारींत पोलिसांनी आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करणं योग्य.

पण नोकरीतली शिस्तभंगाची कारवाई हा वेगळा रस्ता आहे, आणि तिथं 'मला भाषणस्वातंत्र्य आहे' हे वाक्य एकट्यानं फार लांब जात नाही. तिथं उपयोगी पडतात सेवाशर्ती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शिक्षकांची व्यावसायिक आचारसंहिता आहे. व्यावसायिक बैठका आणि चर्चासत्रांत सहभागी होऊन मोकळेपणानं मत मांडावं, असं ती संहिता शिक्षकाला सांगते. नीट वाचा : तिथं ही सवलत म्हणून लिहिलेली नाही, शिक्षकाचं काम म्हणून लिहिली आहे. चर्चासत्रात निष्कर्ष मांडले म्हणून नोटीस आली असेल तर खुलाशात याहून उपयोगी कलम दुसरं नाही. समोरून 'शासकीय कर्मचारी वर्तणूक नियम' पुढं केले जाण्याची शक्यता आहे, किंवा जुलै २०२५ चं समाजमाध्यमांबाबतचं परिपत्रक. १९७९ चे वर्तणूक नियम राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे आहेत. तुमचा पगार शासनाच्या तिजोरीतून येतो, पण नेमणूक संस्थेची आहे आणि सेवाशर्ती विद्यापीठाच्या परिनियमांच्या. कोणता नियम कोणत्या आधारानं लागू केला, एवढंच विचारा.

संस्था काय करू शकते, याचा अंदाज असू द्या म्हणजे रात्री झोप लागेल. कारणे दाखवा नोटिशीवर थेट काढून टाकता येत नाही. आरोपपत्र, साक्षीपुराव्यासह चौकशी, अहवाल, त्यावर तुमचं म्हणणं, मग आदेश, अशी वाट आहे. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी द्यावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ च्या करुणाकर निकालात ठरवून दिलंय. निलंबन झालं आणि तीन महिन्यांत आरोपपत्रच आलं नाही, तर निलंबन त्यापुढं लांबवू नये असं सांगणारा २०१५ चा अजयकुमार चौधरी निकाल मदतीला येतो. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस, आणि या मुदतीतच लोक चुकतात, कारण संस्थेशी 'बोलणी' चालू असतात. मेमो, ताकीद, वर्कलोड कमी करणं, प्रकल्प काढून घेणं अशा लहान त्रासांसाठी न्यायाधिकरण नाही. त्यासाठी कलम ७९ ची तक्रार निवारण समिती. ती संथ चालते, पण तिथली नोंद पुढं कामी येते.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच करून ठेवा : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि मागणी महाविद्यालय विकास समितीच्या इतिवृत्ताची व तुमच्याविरुद्धच्या तक्रारीची. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून नोटिशीच्या खुलाशासाठी त्यावर अवलंबून राहू नका.

निवेदनाकडे येऊ. सहकाऱ्यांना जरूर काढू द्या, पण 'आम्ही निषेध करतो' एवढ्यावर थांबलेलं निवेदन दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. २०२३ मध्ये अशोका विद्यापीठात सब्यसाची दास यांच्या २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरच्या शोधनिबंधावरून वाद झाला. विद्यापीठानं जाहीरपणे हात झटकले, दास यांनी राजीनामा दिला. त्यांच्या अर्थशास्त्र विभागानं ऑगस्टमध्ये नियामक मंडळाला लिहिलेलं पत्र वाचण्यासारखं आहे. त्यात मागण्या दोनच : त्यांना विनाअट पद परत देऊ करा, आणि प्राध्यापकांच्या संशोधनाचं मूल्यमापन नियामक मंडळ करणार नाही हे स्पष्ट करा. दास परतले नाहीत. पण दुसरी मागणी प्रश्नाच्या मुळावर बोट ठेवते : संशोधन चूक की बरोबर हे कोण ठरवणार? तुमच्या निवेदनाचा गाभाही हाच असू द्या. अहवाल बरोबर आहे असं सहकाऱ्यांनी लिहूच नये. ते त्यांनी तपासलेलं नाही, आणि तसं लिहिलं की वाद कारखान्याचा होतो. त्यांनी लिहावं की अहवालाची तपासणी विषयतज्ज्ञांनी करावी, नोटीस मागे घ्यावी, चर्चासत्र ठरल्या तारखेला व्हावं. तीन मागण्या, एक पान, तारीख.

सह्या कायम शिक्षकांच्या. इतिहास, मराठी, रसायनशास्त्र, जेवढे विभाग तेवढं बरं. फक्त सामाजिक शास्त्रांच्या पाच सह्या म्हणजे 'तो एक गट आहे' असं ऐकायला मिळेल. प्रती प्राचार्य, संस्थेचे सचिव, कुलगुरू, विद्यापरिषदेवरचे निवडून आलेले शिक्षक सदस्य आणि प्राध्यापक संघटनेच्या जिल्हा शाखेला. तुमच्या विद्यापीठाप्रमाणे सुटा, पुक्टो, नुटा, बामुक्टो किंवा बुक्टू, जी असेल ती. संघटनेचं सभासदत्व अठरा वर्षांत घेतलं नसेल तर आता घ्या, आणि थोडं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. पेपरला निवेदन पहिल्या दिवशी देऊ नका. संस्थेला मागे यायला जागा लागते, आणि छापून आल्यावर ती जागा उरत नाही.

तासिका तत्त्वावरच्या सहकारीची सही घेऊ नका, ती स्वतः म्हणाली तरी. तिला चौकशी नाही, निलंबन नाही, अपील नाही. पुढच्या सत्राचं पत्रच आलं नाही की संपलं. खुलाशात स्पष्ट लिहा की प्रकल्पाची मार्गदर्शक व जबाबदार तुम्ही आहात. अहवालावर तिचं नाव ठेवायचं की नाही हे तिलाच विचारा. श्रेय तिचं आहे, परस्पर काढून टाकणंही बरोबर नाही. तिच्या झालेल्या तासांची बिलं थकली असतील तर ती आत्ताच सादर करून घ्या. मुलांचे अंतर्गत गुणही लगेच भरून पाठवा. प्रकल्पच रद्द ठरवण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात यायच्या आत ते विद्यापीठात पोचलेले बरे.

आता थोडं लांबचं. ही लढाई नोटीस आल्यावर सुरू होते तेव्हा अर्धी हरलेलीच असते. महाविद्यालय विकास समितीत तीन शिक्षक शिक्षकांमधूनच निवडून जातात, त्यात किमान एक महिला. तुमच्याकडे ती निवडणूक शेवटची कधी झाली, की स्टाफरूममध्ये चहा पिता पिता नावं ठरली? अभ्यास मंडळाच्या जागा कुणी लढवल्या? २०१० मध्ये मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी बी. ए. च्या अभ्यासक्रमातून निघाली ती कुलगुरूंच्या आणीबाणीच्या अधिकारात. अधिकार मंडळांतली सविस्तर चर्चा बाजूलाच राहिली. २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्यापरिषदेनं ए. के. रामानुजन यांचा रामायणावरचा निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढला, आणि तेही चार तज्ज्ञांपैकी तिघांनी तो ठेवायला हरकत नसल्याचं सांगितलेलं असताना. तिथं मोजक्या सदस्यांनी विरोध नोंदवला. हरले, पण ती नोंद आहे. बैठकीत गप्प बसून बाहेर हळहळणाऱ्यांची नोंद कुठंच नसते. विरोधी मत द्यायचं तर बैठकीतच 'माझं मत इतिवृत्तात घ्या' म्हणा आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होताना ते वाचून बघा. अनेकदा ते गळलेलं असतं.

'संस्थेची प्रतिमा' हा शब्दप्रयोग तुमच्या नोटिशीत आहे म्हणून एक गोष्ट. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात सरकारला सुनावलं होतं की महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. ज्या शेतकऱ्यांचं बिल तुम्ही मोजलंत त्यांच्याच पैशातून तुमच्या महाविद्यालयाचा पगार निघतो. त्यांच्या प्रश्नावर मुलांनी काम केलं तर अनुदान ज्यासाठी मिळतं तेच झालं, प्रतिमा कसली बिघडली? हा मुद्दा खुलाशात नको, पण संस्थेच्या जुन्या, शहाण्या विश्वस्तांपैकी कुणी असतील, आणि बहुतेक संस्थांत एखाददुसरे असतातच, त्यांच्या घरी जाऊन शांतपणे मांडण्यासारखा आहे. कधी कधी नोटीस अशाच एका चहावर निवते.

चर्चासत्राचं : रद्द झाल्याचं लेखी पत्र मागा आणि कारण मागा. पाहुण्यांना तुम्ही स्वतः 'काही अडचणींमुळे' असं कळवू नका. ते प्राचार्यांच्या सहीनं जाऊ द्या. तोंडी आदेश लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा कार्यक्रम 'पुढे ढकलला' जातो, आणि पुढे ढकललेल्याला तारीख मागता येते. अनुदान आलेलं असेल तर त्याचा हिशेब वेगळा ठेवा, एक रुपयाही दुसरीकडे वळवू नका. अशा वेळी खोट काढायला सर्वात सोपी जागा हिशेबाचीच असते. अगदीच दार बंद झालं तर वक्त्यांना तृतीय वर्षाच्या तासाला अतिथी व्याख्यान म्हणून बोलवा, किंवा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला विचारा.

आणि अहवाल दुरुस्त झाला की एका पानाचा मराठी गोषवारा करा. नावं नाहीत, दोन गावांचे आकडे वेगवेगळे, काटा पावती पाहिलेले आणि न पाहिलेले वेगळे, लेखी कराराचा मुद्दा ठळक. शेवटचा रकाना कारखान्याच्या म्हणण्यासाठी मोकळा सोडा. ते पान कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना स्पीड पोस्टानं पाठवा, उत्तराला तीन आठवडे द्या. उत्तर आलं तर त्या रकान्यात जसंच्या तसं छापा, नाही आलं तर 'दि. — रोजी पाठवले, उत्तर आले नाही' एवढंच लिहा. मग मुलांनाच ते दोन्ही गावांत घेऊन जाऊ द्या, गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी.